ताणाचा स्क्रू

गंगापूर रोड, नाशिक
५ ऑक्टोबर १९९८

कोंडाजीभाऊजी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल, तर फाडून टाकण्याआधी एवढं वाचा की हे पत्र मैत्रीसाठी नाही, दुरुस्तीसाठी आहे. आणि दुरुस्तीला तुम्ही कुणाला नाही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तुमचे मित्र जाऊन येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. मागे राहिलेल्या बाईला पेन्शन, भांडीकुंडी आणि गुडघेदुखी मिळते. मला वर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर मिळालं. परवान्याचं नूतनीकरण करायला गेले, तर साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही शाळेत संस्कृत शिकवता, हे कशाला हवं? मी म्हटलं, स्पर्धेला. ते म्हणाले, मग स्पर्धेत किमान गुण मिळवल्याचा कागद आणा, नाहीतर हत्यार जमा करा. बाई जमा करून मोकळी होईल असं त्यांना वाटलं. रिक्षात बसेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. घरी आले आणि पेटी उघडून बघितली. मग नाही वाटलं.

तर एकावन्नाव्या वर्षी मी दर रविवारी क्लबात जाऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहते. जानेवारीच्या शेवटी क्लबची रिव्हॉल्व्हर मॅच आहे. घोडा अंगठ्यानं मागे ओढून सावकाश एकेक गोळी मारायची फेरी असते, तिथे माझं बरं चाललंय. पण भरभर मारायच्या फेरीत नुसता चाप ओढत जायचं असतं, आणि तिथे दोन दुखणी आहेत. एक, चक्री मध्येच अडते. दुसरं, चक्री फिरते, घोडा पडतो, आणि नुसतं 'टक्'. गोळी जात नाही. प्रश्न विचारल्यावर वर्ग जसा माझ्याकडे बघतो, तसा समोरचा टार्गेटचा कागद बघत राहतो.

सेक्रेटरी सावळीराम म्हणतात, काडतुसं ओली असतील. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. तुम्हीही ऐकलं आहे. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या मॅचमध्ये ह्यांचं रिव्हॉल्व्हर असंच टकटक करत बसलं, आणि ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की कोंडाजीनं काडतुसं ओलीत ठेवली. क्लबच्या काडतुसांच्या कपाटाची किल्ली तुमच्या हातून गेली, तुम्ही येवल्याला गेलात, आणि दोघं मरेपर्यंत, म्हणजे एक मरेपर्यंत, एकमेकांशी बोलला नाहीत. त्या भांडणात मी कुणाची बाजू घेतली नव्हती, आजही घेत नाही. मला फक्त हे हत्यार चालायला हवं आहे. तुम्ही पोलीसखात्यात जन्मभर हत्यारं दुरुस्त केलीत, त्याच्या पोटात काय आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

चांगुणावहिनींना नमस्कार.

छाया


येवला
१३ ऑक्टोबर १९९८

छायावहिनींस कोंडाजीचा नमस्कार.

पत्र फाडलं नाही. चांगुणानं आधी वाचलं, मग मला दिलं, त्यामुळे फाडायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

चक्री अडते त्याचं सांगतो. चक्रीच्या मागे चांदणी असते, जिच्यानं रिकामी काडतुसं बाहेर ढकलता. तिच्याखाली न जळालेल्या बारुदाचा एक कण बसला तरी चक्री घासते. कोरड्या ब्रशनं साफ करा. रिव्हॉल्व्हरचं तोंड वर करून काडतुसं पाडा, म्हणजे कचरा चांदणीखाली न जाता खाली पडतो. तेल जवळजवळ नकोच. लोक माया म्हणून तेल ओततात, मग त्यात बारूद कालवून चिखल होतो.

आता एक विचारतो, राग मानू नका. तुमचं पत्र पाच तारखेचं, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात खंडेनवमी झाली. तुम्ही पूजा केली का? कुंकू वाहिलं का? सहादू असताना दसरा झाला की मी त्यातून कुंकू काढत बसायचो. सहादूला म्हणायचो, घरी सांग. तो म्हणायचा, मी प्रेसमधला साधा कारकून, मास्तरणीला सांगायची हिंमत तू कर. मला झाली नाही. आज टपालानं करतो. पूजा पेटीची करा.

'टक्' होतं त्याचं नंतर बघू. न उडालेल्या काडतुसाच्या बुडाला कॅप असते, तिच्यावर पिनेचा खळगा पडलेला असेल. तो खोल आहे की उथळ, ते कळवा.

ओल्या काडतुसांबद्दल मला काही म्हणायचं नाही. तेव्हाही नव्हतं.

कोंडाजी


नाशिक
२६ ऑक्टोबर १९९८

भाऊजी,

चांदणीखाली काय निघालं त्याची यादी देत नाही, पण त्यात अर्धी अक्षता होती. एवढ्या वर्षांत तुम्ही दोघं धट्टेकट्टे पुरुष मिळून एका बाईला 'कुंकू लावू नकोस' म्हणू शकला नाहीत, आणि हातात मात्र रिव्हॉल्व्हर. असो. आता पूजा पेटीची होईल. चक्री शाळेतल्या नव्या शिपायासारखी फिरते आहे. सांगेल तिथे जाते, कुरकुर नाही.

'टक्' मात्र तसंच. कॅपवरचा खळगा उथळ आहे. नखाची खूण म्हणावी इतकाच.

सफाईला हात घातलाच होता, म्हणून मुठीचं ते मोठं लाकूडही काढलं. बघते तर तिथेही कुंकू! आतल्या लोखंडी पट्टीवर पुढच्या अंगाला एक स्क्रू आहे ना, त्याच्या डोक्यावर लाल रेघेचा एक तुकडा, आणि शेजारच्या लोखंडावर दुसरा, जरा लांब. रुसलेल्या जावांसारखे. मूठ काढून मी कधी पूजा केली नव्हती, तरी कुंकू तिथवर पोचलंच. देवाला लाकडाची अडचण नसावी. पाण्यानं जाईना, म्हणून रॉकेल लावून नखानं खरवडून काढलं. आता सगळं लख्ख आहे. तुम्ही पाहिलं असतंत तर शाबासकी दिली असतीत.

मनगट दुखतं. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. दोन्ही कामं उजव्या हाताची, आणि तो एकच आहे. लवकर लिहा.

छाया


येवला
२ डिसेंबर १९९८

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. कांद्याची लावण चालू होती, मजूर मिळत नव्हते. हे कारण खरं आहे, पुरेसं नाही, पण खरं आहे.

'टक्' साठी असं करा. काडतुसं दुसऱ्या लॉटची घेऊन बघा. कॅप बुडात नीट बसलेली आहे का, वर उचललेली नाही ना, बोट फिरवून बघा. घोड्याची पिन टोकाला झिजली का ते भिंगातून बघा. चक्री बंद करून पुढेमागे हलवा, फार खेळ असेल तर मार कमी बसतो. नळीच्या मागच्या तोंडाशी शिसं साचलंय का बघा. चांदणीची दांडी सैल होते, ती हातानं आवळा.

मूठ मात्र पुन्हा काढू नका. लाकूड जुनं आहे, चिरेल.

आणि वहिनी, तुम्ही दमला असाल तर हत्यार जमा करून टाका. त्यात कमीपणा नाही. सहादूनंसुद्धा शेवटी

पुढचं खोडलंय. उजेडाला धरून वाचू नका.

कोंडाजी


नाशिक
९ डिसेंबर १९९८

भाऊजी,

उजेडाला धरून बघितलं. तुम्ही खोडताही पोलीसखात्याच्या पद्धतीनं, काही शिल्लक ठेवत नाही.

सांगितलंत ते सगळं केलं. पिन ठीक. चक्री घट्ट. शिसं नाही. तीन निरनिराळ्या लॉटची काडतुसं मारली, त्यातली एका सभासदानं परवाच आणलेली. तिन्हींत 'टक्'. आणि माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये न उडालेलं काडतूस त्या सभासदानं त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं, तर पहिल्या फटक्यात उडालं. आमच्या शास्त्रात ह्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. काडतूस बदलून दोष बदलत नाही, हत्यार बदलून दोष जातो. तर दोष कुणाचा? हे नववीतली मुलंही सांगतील, निदान पुढच्या बाकावरची.

दुसरी गोष्ट. मी मुलांना अध्याहार शिकवते. वाक्यात एखादा शब्द लिहिलेला नसतो, पण त्याच्यावाचून वाक्य उभं राहत नाही. तो वाचणाऱ्यानं मनातून घालायचा. तुमचं मागचं पत्र मी तसं वाचलं. नळीपासून घोड्यापर्यंत तुम्ही एकही अवयव सोडला नाहीत. मुठीशी आलात आणि 'लाकूड चिरेल'. ज्या माणसानं ती मूठ शंभरदा काढघाल केली, त्याला अचानक लाकडाची दया आली.

तिसरी. कुंकू पाण्यानं जातं. मी काढलं ते रॉकेलशिवाय गेलं नाही. तो रंग होता, भाऊजी. आणि रेघ दोन तुकड्यांची नव्हती. एक सलग रेघ होती, आणि स्क्रू फिरल्यामुळे तिचे तुकडे झाले. ती कुणी ओढली होती? तो स्क्रू कशाचा आहे? मॅच सात आठवड्यांवर आली आहे. मी खरंच दमले आहे, पण जमा करण्याइतकी नाही.

छाया


येवला
१४ डिसेंबर १९९८

वहिनी,

रेघ माझी. तो ताणाचा स्क्रू. आत पट्टीची स्प्रिंग आहे, तिला तो ताण देतो, तिच्या जोरावर घोडा पडतो. स्क्रू सैल तर घोड्याचा मार हलका, खळगा उथळ, 'टक्'. अंगठ्यानं ओढला की घोडा जास्त मागे जातो, म्हणून सावकाश फेरीत भागतं. पूर्ण आत जाईपर्यंत तो कसून घ्या. स्क्रू जागचा हलला तर दिसावं म्हणून वरून रेघ मारतात.

गोळीच्या हादऱ्यानं सैल होतो कधीकधी. आणखी काही नाही.

कोंडाजी


नाशिक
२८ डिसेंबर १९९८

भाऊजी,

स्क्रू पूर्ण कसून घेतला. सगळी काडतुसं उडाली. 'टक्' गेलं.

पण आता चाप ओढवत नाही. आधी मला वाटायचं, काय लोण्यासारखा चाप आहे. आता रहाटाला भरलेली घागर लागल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या गोळीला बोट थरथरतं, सहाव्या गोळीला टार्गेट कुठे आहे ह्यात मला रस उरत नाही.

'ताण' शब्द 'तन्' धातूवरून येतो. ताणणे, पसरणे. तान त्याच्यातूनच, संतान त्याच्यातूनच, आणि तनु म्हणजे शरीर, तेही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. काल बोट चोळत बसले असताना पहिल्यांदा कळल्यासारखं झालं.

हादऱ्यानं स्क्रू थोडा हलेल. एवढा फिरत नाही. तुम्ही बसवलेला तर नाहीच. कुणीतरी लाकूड काढून, स्क्रूड्रायव्हर लावून, चाप बोटाला झेपेल इतका तो सैल केला आहे. आणि रिव्हॉल्व्हरची पेटी एकाच माणसाच्या हातात असायची.

त्या मॅचच्या हिवाळ्यातलं आठवतं. लोणच्याची बरणी ते माझ्यापुढे सरकवायचे, म्हणायचे, हिला तुझ्या हाताची सवय आहे. शर्टाचं वरचं बटण लावायला माझ्यापुढे येऊन उभे राहायचे. मास्तरीणबाई, तुमच्या हातचं बटण दिवसभर निघत नाही. मला वाटलं उतारवयात लाड सुचताहेत. मीही बटण लावताना जरा वेळ काढायची. नसांचा आजार आहे हे डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं, आणि तो त्या दिवशी सुरू झाला असं मी धरून चालले होते.

तेव्हा काडतुसं ओली नव्हती. तुम्हाला हे त्या दिवशी माहीत होतं का? एका शब्दात सांगा. कांद्याची लावण मला सांगू नका.

छाया


येवला
५ जानेवारी १९९९

वहिनी,

होतं.

एका शब्दात सांगा म्हणालात, सांगितलं. पुढचं चांगुणा म्हणते लिही, म्हणून लिहितो.

मॅच संपल्यावर मागच्या टेबलावर मी मूठ काढली. रेघ तुटलेली. सहादू शेजारीच उभा. मला वाटलं, चाप हलका करून स्कोअर वाढवायला बघितला असेल लेकाच्यानं. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे धरला, म्हटलं, तूच सोडवलास, आता तूच कस. त्यानं घेतला. खाचेत बसवला. फिरवता येईना. मग तो हातातून खाली पडला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे. वाकून उचलला कुणीच नाही.

तेवढ्यात सावळीराम आणि बाकीचे आले. काय झालं म्हणून विचारलं. सहादू म्हणाला, कोंडाजीनं काडतुसं ओलीत ठेवली. मी मूठ लावून टाकली.

राग आला नाही असं नाय. लय आला. वर्षभर पुरला. खरं बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, सोडवला कशाला? त्याचं उत्तर त्याला चारचौघांत द्यायचं नव्हतं. माझी किल्ली गेलेली त्याला चालणार होती, त्याचा हात गेलेला कळलेला चालणार नव्हता. ठीक आहे. मित्राला एवढं चालतं.

दवाखान्यात मी आलो होतो एकदा. तुम्ही खाली चहाला गेला होता. बोललो नाही, तो हट्ट दोघांचाही होता. त्याचा हात हातात घेऊन बसलो. मूठ वळत नव्हती. तुमची चाहूल लागली तसा निघालो.

क्लबात ह्यातलं काही सांगू नका. मी आता कांदेवाला माणूस, मला ओल्या-कोरड्याचा डाग लागत नाही.

तुमचं बोट. चक्रीत वापरलेली रिकामी काडतुसं घालून भिंतीसमोर रोज चाप ओढा. बोटाच्या शेंड्यानं नाही, पेराच्या घडीनं. एका दमात, मध्ये न थांबता. दुखेल. आणि स्क्रू पूर्ण कसलेलाच ठेवा. अर्धा फेरा सैल करावा असं मनात येईल. त्यालाही अर्ध्या फेऱ्यापासूनच आलं असेल.

कोंडाजी


नाशिक
१ फेब्रुवारी १९९९

भाऊजी,

काल मॅच झाली. हे डाव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी शाळेत गेले नाही. तुमच्यावर चिडले, मग ह्यांच्यावर. मग दोघांवर एकदम चिडायला अंगात बळ उरलं नाही, म्हणून भिंतीसमोर उभी राहून चाप ओढत बसले. शेजारच्या फुलाबाईंनी खिडकीतून बघितलं आणि चार दिवस माझ्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

सकाळी क्लबात निघताना पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर ठेवला. कशाला, ते तुम्हाला माहीत आहे. थंडी कडक होती, बोटं आखडलेली. भरभर मारायच्या फेरीआधी पर्समध्ये हात घातला, तो हाताला लागला. अर्धाच फेरा. कुणाला कळणार नव्हतं. तेव्हा मला वाटलं, ह्यांनीही असाच पर्समध्ये नाही तरी खिशात हात घातला असेल, आणि आपल्याला जिंकायचं नाही, फक्त उभं राहायचं आहे, असं स्वतःला सांगितलं असेल. माझं बोट महिनाभरात जरा तरी तयार झालं होतं. त्यांचं रोज थोडं थोडं जात होतं. हात तसाच बाहेर काढला.

सगळ्या गोळ्या उडाल्या. सगळ्या योग्य ठिकाणी गेल्या असं म्हणत नाही. शेवटच्या दोन तर कागदाला शिवल्या असतील तर कागदाची कृपा. पण एकदाही 'टक्' झालं नाही, आणि किमान गुणांपेक्षा दोन जास्त पडले. साहेबांना आता माझ्यासाठी नवा प्रश्न शोधावा लागेल.

नंतर सावळीराम गुणपत्रकावर सही करायला आले. आजूबाजूला तेव्हाचे पाचसहा जण होतेच. म्हणाले, "काय बाई, काडतुसं बदललीत वाटतं?"

मी म्हटलं, "तुमच्याच कपाटातली आहेत. कोरडी आहेत. तेव्हाही कोरडीच होती."

सावळीरामांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मग तेव्हा काय झालं होतं?"

"ताण कमी पडला."

"कुणाचा?"

तुम्ही सांगू नका म्हणाला होतात. मी त्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या शेवटच्या वर्षात ते दोनदा घरी आले होते, ह्यांना माझ्या हातून चहा पिताना त्यांनी पाहिलं होतं.

"स्प्रिंगचा," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. बराच वेळ लावून केली, एवढं मोठं नाव नाही त्यांचं. मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "कोंडाजीला कळवा, कपाटाची किल्ली माझ्याकडे नुसती पडून आहे. रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं." मी सांगितलं नाही, भाऊजी. जे राहिलं ते त्यांनी मनातून घातलं. चाळिशी उलटलेल्या माणसांना अध्याहार शिकवावा लागत नाही.

रात्रीसाठी वरणभात लावला आणि स्क्रू परत एकदा तपासला. पूर्ण आत आहे. तुमची रेघ मी खरवडून टाकली होती, ती नव्यानं ओढायची होती. घरात लाल रंग नव्हता, म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवून काडीनं ओढली. तुम्ही रागावणार, आणि बरोबर रागावणार. तेल पसरेल, कुंकू वाट काढत चांदणीपर्यंत जाईल, आणि खंडेनवमीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. तेव्हा ते तिथवर पोचायच्या आत रंगाची बाटली घेऊन या. चांगुणावहिनींनाही आणा. लोणचं मुरलं आहे. बरणी मी उघडते.

तोवर रेघ सलग आहे.

छाया